गाडी गेली, नाव राहिले

आज दुपारी अण्णांच्या मोबाईलवर वाहतूक पोलिसांचा ई-चलनाचा संदेश आला. सोलापूर महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दंड भरावा, असा त्याचा आशय होता आणि खाली क्रमांक आमच्या जुन्या वॅगन आरचा होता. ती गाडी आम्ही सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या एका गृहस्थांना विकली, पैसे अण्णांच्या खात्यावर जमा झाले, दोन्ही किल्ल्या आणि मूळ आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, त्यांच्या हाती दिली, आणि त्यानंतर ती गाडी आमच्या नजरेसही पडलेली नाही. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. "मी तर घरातच आहे," एवढेच ते म्हणाले आणि चष्मा पुसून तो संदेश पुन्हा वाचू लागले. ज्या माणसाने रिकाम्या चौकातही कधी लाल सिग्नल मोडला नाही, त्याच्या नावावर दुसऱ्याच्या चुकीची नोंद व्हावी, याचे मला मनापासून वाईट वाटले.

खरे तर कागद करण्यात आम्ही काहीच कसर ठेवली नव्हती. गाडी २०१३ ची, म्हणजे १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असल्यामुळे उच्च सुरक्षा नंबर प्लेट आधीच बसवून घेतली होती, कारण त्या प्लेटवाचून आरटीओत हस्तांतरणाचे काम पुढे सरकत नाही. कर्ज फिटल्यावर बँकेचा बोजा फॉर्म ३५ देऊन तेव्हाच उतरवला होता. पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र, चालू होती, जुने चलन एकही बाकी नव्हते. एजंटने बॉनेट उघडून गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चासी क्रमांकावर कागद धरला, त्यावर पेन्सिल घासून क्रमांकाची छाप उमटवली आणि तो कागद फॉर्मला जोडला. अण्णांनी विक्रीची सूचना देणाऱ्या फॉर्म २९ च्या दोन प्रतींवर आणि हस्तांतरणाच्या अर्जावर, म्हणजे फॉर्म ३० वर, सह्या केल्या. गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोटही आम्ही करून घेतली.

अडले ते सहीवर. अण्णांचा हात आता कापतो. गाडी घेतली तेव्हाची त्यांची सही ठसठशीत आणि सलग आहे. आताच्या सहीत आडनावाची शेवटची दोन अक्षरे एकमेकांवर चढतात आणि रेघ खाली घसरते. सही जुळत नाही, असा शेरा मारून कागद परत आले. अधिकाऱ्याने सही ताडून पाहिली हे योग्यच झाले, त्यात मला गैर काही दिसत नाही. परंतु वयाबरोबर हात बदलतो, ही गोष्ट गृहीत धरणारी सोपी वाट तिथे कोणी दाखवली नाही. आधारवरून ओटीपी घेऊन हे काम घरबसल्या करावे म्हटले, तर आधारला जोडलेला अण्णांचा मोबाईल क्रमांक केव्हाच बंद झालेला आहे, आणि नवा क्रमांक जोडण्याचे काम अजून व्हायचे आहे. आता नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून त्यासोबत नव्या सह्या द्यायच्या आहेत.

या सगळ्यात मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५० मी नीट वाचून काढले. गाडी राज्यातल्या राज्यात विकली गेली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत ती आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा, असे ते कलम सांगते. म्हणजे ताबा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, असा काळ कायद्यानेच मान्य केलेला आहे. त्या काळात काही घडले तर जबाबदार कोण, याचे उत्तर त्याच कायद्यातील मालकाच्या व्याख्येत आहे: ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे, तो मालक. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात हीच व्याख्या कायम केली. त्यातील नोंदणीकृत मालकाने २००७ मध्ये गाडी विकली होती, ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली आणि २००९ मध्ये तिच्या धडकेत एकाचा जीव गेला. तरीही भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावरच आली, कारण नोंदवहीत नाव त्याचे होते. अपघातग्रस्ताने न नोंदलेल्या व्यवहारांची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही, ही न्यायालयाची भूमिका मला पूर्णपणे पटते. ज्याच्या घरचे माणूस गेले, त्याला दाद मागायला एक नक्की नाव हवेच.

म्हणूनच ते नाव खरे असले पाहिजे, असे मला तळमळीने वाटते. आज फॉर्म २९ देऊन विकणाऱ्याने आपले कर्तव्य केले तरी नोंद बदलत नाही. घेणाऱ्याचा अर्ज आणि शुल्क आल्यावरच ती बदलते. विक्रीची सूचना मिळाल्याचा शेरा त्याच दिवशी वाहन क्रमांकापुढे दिसू लागला आणि चलन पाठवणाऱ्या यंत्रणेलाही तो दिसला, तर केवढा मनस्ताप वाचेल! जुन्या वाहनांच्या अधिकृत विक्रेत्याला गाडी दिली, तर अशी सोय १ एप्रिल २०२३ पासून आहे: फॉर्म २९ सी भरून कळवले की तो विक्रेता मानीव मालक ठरतो, म्हणजे कायदा त्यालाच मालक धरतो. घरगुती विक्री करणाऱ्यालाही तेवढेच संरक्षण मिळायला हवे.

फास्टॅगचा प्रश्न वेगळाच. गाडी पुण्याबाहेर पडली त्या संध्याकाळी अण्णांच्या खात्यातून पुणे-सोलापूर महामार्गावरच्या नाक्यांचा टोल कापल्याचे संदेश एकामागून एक आले: पाटस, सरडेवाडी, वरवडे. दुसऱ्या दिवशी सावळेश्वर, म्हणजे गाडी मोहोळहून सोलापूरकडे गेली. टॅग बंद करण्याचा अर्ज दिला, तेव्हा बँकेने नव्या नावाची आरसी मागितली. एका वाहनाला एकच टॅग असल्यामुळे जुना बंद झाल्याशिवाय नव्या मालकांनाही त्यांचा टॅग घेता येत नाही. टोलचे पैसे ते न चुकता पाठवतात. माणूस सरळ आहे, विचारले की म्हणतात, "सर, ऊस कारखान्याला गेला की लगेच करतो बघा." त्यांची अडचण मला समजते, पण तोवर ती गाडी जिथे जाईल तिथे अण्णांचे नाव तिच्याबरोबर जाते, आणि मला झोप लागत नाही.

चलनाविरुद्धची तक्रार डिलिव्हरी नोट जोडून मी संध्याकाळीच नोंदवली. उत्तर यायचे आहे. फॉर्म २९ ची प्रत पोचपावतीसह टपालाने पाठवण्यासाठी पाकीट तयार केले आहे. नव्या मालकांशी रात्री फोनवर बोललो. सोमवारी सकाळी अण्णांचे प्रतिज्ञापत्र आणि नव्या सह्या घेऊन मी सोलापूरच्या आरटीओत येतो, तुम्हीही आधार आणि विम्याचे कागद घेऊन या, असे त्यांना सांगितले. ऊसतोड चालू असली तरी दोन तास काढतो, असे त्यांनी कबूल केले आहे.