जुन्या पिकअपला पैसे घालायचे, तर सुरुवात कुठून?

आमच्या दारातली पिकअप पाहून गावातली पोरं विचारतात, पाहुणे विचारतात, नारायणगावच्या मार्केटात क्रेट उतरवताना शेजारच्या गाडीचा ड्रायव्हरही विचारतो: "आमचीपण जुनीच आहे. घरच्या घरी काय काय करून घेऊ? सुरुवात कुठून करू?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एलईडीची पट्टी, रुंद टायर नाहीतर मागे एक जादा पाटा (वजन झेलणाऱ्या स्प्रिंगची पट्टी) असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: ब्रेकपासून सुरुवात करा, मग उजेडाकडे बघा. पाट्यांचं त्यानंतर बोलू.

माझी बोलेरो पिकअप आहे. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, पुढे डिस्क, मागे ड्रम. हंगामात वीस-वीस किलोचे टोमॅटोचे क्रेट भरून ती माळशेज उतरते. घाट चढताना गाडी कमी पडली तर फार तर उशीर होतो. उतरताना कमी पडली तर काय होतं, ते त्या रस्त्यावर वावरणाऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणून माझ्या खर्चाचा क्रम उतारावरून ठरतो.

ब्रेक म्हटलं की लोक लायनर (चाक घासून थांबवणारं अस्तर) बघतात आणि तेल विसरतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ तेल कोरं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हद्द १४० पर्यंत खाली येऊ शकते. भरल्या गाडीने लांब उतारावर ब्रेक तापले की हे तेल उकळतं, त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. पाईप, सिलिंडर, लायनर सगळं शाबूत असतानाही ब्रेक लागत नाही. तेल काळ्या चहासारखं दिसायला लागलं असेल तर वाट बघू नका, आणि स्वच्छ दिसलं तरी दोन वर्षांनी बदला. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर डॉट ३ की ४ ते लिहिलेलं असतं, तेच घाला.

हे काम घरी होतं, पण दोन माणसं लागतात. आमच्याकडे पेडलवर बायको असते आणि मी खाली. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की तेलाला दाब देणाऱ्या सिलिंडरपासून) सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं, म्हणजे आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत मागचं डावं. चाकाजवळच्या निपलला (हवा आणि तेल काढायच्या छोट्या तोंडाला) पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवायचं. मी म्हणतो, "दाब." ती म्हणते, "धरलंय." मी निपल सैल करतो, नळीतून बुडबुडे आणि काळपट तेल येतं, निपल आवळतो आणि मगच म्हणतो, "सोड." आवळायच्या आधी पेडल सुटलं की बाहेरची हवा आत गेली, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. वरचा डबा मध्येच रिकामा होऊ द्यायचा नाही. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचं नाही. खाली लोखंडी स्टँड हवाच.

पेडल दगडासारखं घट्ट लागत असेल तर मात्र तेलाचा दोष नाही. अशा डिझेल गाड्यांत बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) लागणारा व्हॅक्यूम बहुधा अल्टरनेटरच्या मागे बसवलेला पंप देतो. आधी त्याची रबरी नळी तपासा. ती तडकलेली असली तर थोडक्यात भागतं.

आता उजेड. जुन्या गाडीचे दिवे मंद झाले की लोक जास्त वॅटचे बल्ब घालतात. असले बल्ब रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. शिवाय त्यांनी होल्डर वितळतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जातो तो वेगळाच. आधी मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, दिवे चालू, आणि बॅटरीवर मोजा. समजा १३.८ व्होल्ट आले. मग बल्बच्या होल्डरवर मोजा. तिथे १२ च्याही आत आकडा दिसला तर बल्बचा दोष नाही. वय झालेले जोड, काळवंडलेला स्विच आणि गंजलेला अर्थ (वीज परत नेणारा बॉडीवरचा जोड) वाटेतच वीज खातात. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड जवळपास तीस टक्के घटतो.

उपाय रिले, म्हणजे थोड्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच. अप्परला एक आणि डिप्परला एक. रिलेवर आकडे असतात: ३० नंबरला बॅटरीची थेट वायर, बॅटरीजवळच फ्यूज घालून, ८७ मधून वायर बल्बला, ८६ ला जुनी स्विचची वायर, ८५ अर्थला. ६० वॅटचे दोन बल्ब मिळून दहा अँपिअरच्या आसपास घेतात, तेव्हा अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ चा फ्यूज पुरतो. आता स्विचमधून एका अँपिअरपेक्षाही कमी वीज जाते, त्यामुळे स्विचही तापत नाही. बल्बचा अर्थ बॉडीवर नव्याने, पत्रा घासून द्या. काही गाड्यांत स्विच अर्थ तोडतो, तिथे जोडणी वेगळी असते. ते वायरमनकडून आधी पाहून घ्या. मूळ ६०/५५ वॅटच्या बल्बांनी पावसाळी रात्री रस्त्याची कड स्पष्ट दिसायला लागते, हे मी रोज अनुभवतो.

आणि आता पाटे. "एक पाटा वाढवला की दोन क्विंटल जास्त बसतं," असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. पाट्याने गाडी बसायची थांबते, एवढंच. एक्सल, बेअरिंग, टायर, चेसिस आणि ब्रेक होते तेच राहतात. पण यात आणखी एक धोका आहे, तो फारसं कुणी सांगत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलला एक दांडी जोडलेली असते, ती वर चेसिसवरच्या व्हॉल्व्हपर्यंत जाते. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त सोडतो. गाडी रिकामी असताना तो दाब कमी ठेवतो, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी गरकन आडवी व्हायचा धोका टळतो. जादा पाट्याने हौदा वर उचलला की भरलेली गाडीसुद्धा या व्हॉल्व्हला रिकामी भासते. म्हणजे वजन वाढलं आणि मागचा ब्रेक घटला! तुमच्या गाडीखाली ही दांडी आहे का, ते आजच वाकून बघा. कुणी ती तारेने बांधून ठेवलेली किंवा काढून टाकलेली सापडली, तर बाकी सगळी कामं बाजूला ठेवून ती आधी नीट करून घ्या. तुटका किंवा चपटा झालेला पाटा बदला, शॅकलचे (पाटा चेसिसला जोडणाऱ्या कड्यांचे) बुश बदला, यू-बोल्ट आवळा. मूळच्या पाट्यांइतकंच करा.

इंजिनाबद्दल एकच. इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवू नका. धूर काळा होतो, इंजिन तापतं. पंप आणि नोझल मी घरी उघडत नाही, पंपवाल्याकडेच नेतो.

कायद्याचंही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना मनाने बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग असतं. वर सांगितलेली ब्रेकची आणि वायरिंगची कामं दुरुस्तीत मोडतात, मूळ रचनेला त्यांनी धक्का लागत नाही.

शेवटी हौदा. गंजलेल्या तळावर तीन मिलिमीटरचा चेकर पत्रा मारायची पद्धत आहे. तो चौरस मीटरला चोवीस-पंचवीस किलो भरतो, म्हणजे अख्ख्या हौद्याला शंभर किलोच्या आसपास. हे वजन तुमच्या मालातून वजा होतं. गंज घासून, कुजला तेवढाच पत्रा कापून नवा जोडा आणि रेड ऑक्साईड मारा. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा, नाहीतर डायोड जातील. हे सगळं करण्याआधी वाटेतल्या वजनकाट्यावर गाडी रिकामी उभी करा आणि पावतीवरचा आकडा आरसीवरच्या रिकाम्या वजनाशी ताडून पाहा. फरक बराच निघाला तर हौद्यावर आजवर काय काय चढलंय, ते आधी उतरवायला घ्या.