चोच दाखव

लंडनमध्ये एका नाणेविक्रेत्याकडे मी लिलावाच्या याद्या करते. माझ्या टेबलावर येते ती बहुतेक ब्राँझची ग्रीक चिल्लर. त्या दिवशीच्या पिशवीत साठेक नाणी होती, शर्टाच्या बटणाएवढी. लहानपणी शिवराई हाताळलेल्या माणसाला ही नाणी वाटतच नाहीत.

त्यातलं एक ९ मिलिमीटरचं, वजन १ ग्रॅमच्या आतबाहेर. एका बाजूला झिजलेलं डोकं, दुसरीकडे बसलेला पंखवाला प्राणी. पिशवी ट्रॉयच्या परिसरातली, म्हणजे आजच्या वायव्य तुर्कस्तानातली. तिथल्या अस्सोसच्या नाण्यांवर शिरस्त्राण घातलेली अथीना देवी असते आणि मागे ग्रिफिन, गरुडाच्या तोंडाचा पंखवाला सिंह. चिठ्ठीवर ‘अस्सोस’ लिहून मी मोकळी झाले.

दुपारी वरिष्ठ सहकाऱ्यांनी ते नाणं परत माझ्यापुढे ठेवलं. “चोच दाखव,” एवढंच म्हणाले.

चोच नव्हती. अशा वेळी हिरवा थर खरवडायचा मोह होतो. पण नक्षी पुष्कळदा त्या थरातच उरलेली असते. खरवडली की गेली. मी दिवा टेबलाच्या पातळीला आणला आणि नाणं चिमट्यात धरून फिरवत बसले. तिरप्या उजेडात आधी प्राण्याच्या मानेवरचे केस उमटले, मग बाईचा चेहरा. स्फिंक्स! खिऑस बेटाचा असेल? पण खिऑसच्या ब्राँझवर एका बाजूला स्फिंक्स असला की नाण्याच्या दुसऱ्या बाजूला दोन कानांची सुरई असते. इथे तर डोकं होतं.

डोकं फिरवलं आणि सावलीचे दोन खळगे दिसले. दोन डोळे! अथीना असती तर बाजूने दिसली असती, एकाच डोळ्याची. ही बाई किंचित वळून माझ्याकडे बघत होती. स्फिंक्सपुढे ग्रीक ‘ग’, म्हणजे गॅमा होता, त्याच्या शेजारी ‘ए’चा, एप्सिलॉनचा तुकडा. ट्रॉयच्याच परिसरातलं गेर्गिस शहर, इ.स.पू. चौथं शतक.

या नाण्याचं वर्णन चक्क प्राचीन ग्रंथात आहे. सहाव्या शतकातला बायझंटियमचा स्टेफानस, फ्लेगॉन या आधीच्या लेखकाचा हवाला देऊन, लिहितो की गेर्गिसच्या लोकांनी आपली भविष्य सांगणारी सिबिल आणि स्फिंक्स नाण्यावर छापली. काही याद्यांत या चेहऱ्याला अपोलो म्हटलेलं आढळतं. मी स्टेफानसच्या बाजूने.

नवी चिठ्ठी दाखवली. सहकाऱ्यांनी मान हलवली आणि सकाळपासूनची माझी बाकीची ‘अस्सोस’ मागून घेतली. ती चार होती.