किल्ली हातात, गाडी चालू

फेब्रुवारीत एका लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या दारात गाडी लावली, किल्ली फिरवली, काढून खिशात टाकली आणि उतरलो. गाडी चालूच. वॉचमन म्हणाला, "साहेब, बंद करा की." मी खिशातून किल्ली काढून त्याला दाखवली. त्यानं एकदा किल्लीकडं बघितलं, एकदा बोनेटकडं, आणि दोन पावलं मागं सरकला.

शेवटी परत बसून चौथा गिअर टाकला, ब्रेक गच्च दाबला आणि क्लच सोडला. एक जोरदार हिसका बसून गाडी गप्प झाली. मागच्या सीटवर ठेवलेला आहेर खाली पडला, त्यात कपबशांचा सेट होता.

गाडी 1982 ची मर्सिडीज, 240 डी. काका कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचे अडते होते, त्यांनी ती मुंबईहून चौथ्या हातानं आणली होती. त्या काळी आमच्या गल्लीत तिला वळवायला जागा नव्हती, तरी आणली. या मॉडेलचं कंपनीतलं नाव डब्ल्यू 123. 1975 च्या अखेरीपासून 1986 च्या सुरुवातीपर्यंत ती बनत होती आणि जगभरात 27 लाखांच्या आसपास खपली. मोरोक्कोत गावोगावची टॅक्सी म्हणून हीच गाडी वर्षानुवर्षं धावली. 2.4 लिटरचं डिझेल इंजिन, चार सिलिंडर, ताकद जेमतेम सत्तरच्या घरातले घोडे. चढाला मागची एसटी हॉर्न देते. पण आत बसलं की अजूनही सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं. काका गेल्यावर ती माझ्याकडं आली. अट एकच: काकूंना महिन्यातून एकदा तिच्यातून जोतिबाला न्यायचं.

आता या किल्लीच्या भानगडीत मी पहिले दोन महिने फुकट घालवले. गाडी बंद होत नाही म्हणजे स्विचचा दोष, असं धरून मी वायरमनकडं गेलो. त्यानं वायरिंग तपासलं, अर्थिंगची पट्टी बदलली, बॅटरीचे टर्मिनल घासले. दोन दिवस गाडी नीट बंद झाली (योगायोग) आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पेट्रोल गाडीत किल्ली बंद केली की ठिणगी थांबते. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. या जुन्या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच उरत नाही, डिझेल येतंय तोवर ते चालणार. मग किल्लीनं ते बंद कसं होतं? हे मला उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितलं. बोनेट उघडून त्यांनी डिझेल पंपाच्या मागची सुपारीच्या डबीएवढी एक चकती दाखवली. "ही बघा. किल्ली बंद केली की किल्लीमागचा व्हॉल्व्ह हिला व्हॅक्यूम देतो. ही दांडी ओढते, डिझेल तुटतं, गाडी बंद. तुमची कुठंतरी हवा घेतेय." मग इंजिनावरचा 'स्टॉप' लिहिलेला खटका अंगठ्यानं दाबला. गाडी लगेच थांबली. बारा वर्षं गाडी वापरतोय, तो खटका मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

हा व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढून केलेली पोकळी, येतो इंजिनाच्या पुढच्या तोंडाला बसवलेल्या एका छोट्या पंपातून. त्याच्यापासून एक जाड नळी ब्रेकच्या बूस्टरला (पायाच्या दाबाला जोर देणाऱ्या डब्याला) जाते आणि त्या नळीवरच्या बारीक तोट्यांतून बाकीचा सगळा संसार चालतो: गाडी बंद करणं आणि सेंट्रल लॉकसुद्धा. हो, दारांची कुलपंही व्हॅक्यूमवर! ड्रायव्हरच्या दाराची खुंटी दाबली की बाकीची तीन दारं, डिकी आणि डिझेल टाकीचं झाकण हवेच्या ओढीनं बंद होतात. ना मोटर, ना वायर. ज्यानं हे डोकं चालवलं त्याला आधी हात जोडावेत, मग चार शब्द सुनवावेत.

मिस्त्री म्हणाले, सोडून जा, बघतो. पण एव्हाना मला चेव आला होता. ब्रेक बूस्टरही त्याच पंपावर, म्हणजे दुर्लक्ष करण्यातला हा प्रकार नव्हे. मीटर असलेला व्हॅक्यूमचा हातपंप 1,450 रुपयांना मागवला. मीटर थेट इंजिनाच्या पंपावर लावला तर काटा 21 इंचांवर (पाऱ्याचे इंच, व्हॅक्यूमचं माप). कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथं हवेचा दाबच थोडा कमी, त्या मानानं 21 झकास. पंपाला दोष नाही. सगळ्या नळ्या परत जोडल्या, काटा 9 वर आला. म्हणजे गळती होती आणि बरीच होती.

इथं काकूंनी मदत केली, त्यांना न कळता. त्या महिन्यात जोतिबाला जाऊन आलो आणि गाडी डोंगरावर, वाटेत चहाला, घरी, तिन्ही वेळा शहाण्यासारखी बंद झाली. दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो तर पुन्हा हट्टाला पेटली. काकू म्हणाल्या, "तुझ्या काकांची गाडी आहे, मला ओळखते." मी हसलो, पण रात्री झोप लागेना. फरक काय? काकूंना चालत्या गाडीचं दार उघडेल अशी भीती वाटते, त्यामुळं बसल्याबसल्या त्या मला सगळी दारं लॉक करायला लावतात. गाडी आधी बंद होते, मग दारं उघडतात.

रात्री साडेअकराला खाली गेलो. मीटर लावून गाडी चालू केली. दारं अनलॉक असताना काटा 9. खुंटी दाबली, आणि काटा सरसर चढत 20 वर. खुंटी वर केली, पुन्हा 9. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी खिडकी उघडून विचारलं, "काय ओ, चोर आहे काय?"

प्रत्येक कुलपाच्या डबीत मधोमध रबरी पडदा असतो. एका बाजूनं हवा ओढली की लॉक, दुसऱ्या बाजूनं ओढली की अनलॉक. दोन्हीकडं वेगळ्या नळ्या, पिवळ्या, एकीवर लाल रेघ, एकीवर हिरवी. मधला पडदा फाटला असता तर दोन्ही वेळा गळती दिसली असती. फक्त अनलॉकच्या वेळी दिसतेय म्हणजे पडदा धड आहे आणि दांडी जिथून बाहेर येते तिथलं रबर गेलंय. आता पाचांपैकी कुठल्या डबीचं, एवढंच शोधायचं.

रविवारी पुढचं कार्पेट उचललं. खाली नळ्यांना रबरी फाटे. एकेक नळी उपसायची, फाट्याच्या भोकात अर्ध्या इंचाचा स्क्रू खुपसायचा, मीटर बघायचं. डिकी: फरक नाही. टाकीचं झाकण: 9 चा 11 झाला, म्हणजे तिथंही थोडं गळतंय. डावं पुढचं दार: फरक नाही. डावं मागचं: काटा टुणकन 19 वर.

दाराचं पॅनेल काढताना दोन क्लिपा मोडल्या आणि काच फिरवायच्या हँडलची चकती सीटखाली गेली ती संध्याकाळी सापडली. आतला प्लास्टिकचा कागद मात्र ब्लेडनं कडेकडेनं सोडवला, तो फाटला की पावसाचं पाणी थेट आत येतं. डबी हातात आली. दांडीभोवतीचं रबर टाचेला भेगा पडतात तसं चिरलेलं. हातपंप लावून कानाशी धरलं तर बारीक सूं आवाज.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "कशाला डोकेफोड? ती नळी स्क्रूनं कायमची बंद करा. ते दार हातानं लॉक करायचं." व्यवहारी सल्ला होता. पण त्या दाराशी काकू बसतात.

मग सायकलच्या ट्यूबचं ठिगळ सोल्युशननं चिकटवलं. अकरा दिवस टिकलं. दांडी सतत पुढंमागं होते, तिथं ठिगळ धरणार कसं? शेवटी मुंबईला कामाला गेलो तेव्हा हातपंप पिशवीत घालून कुर्ल्याच्या भंगार मार्केटात शिरलो. दुकानदारानं पोत्यातून तीन डब्या काढल्या. मी पैसे द्यायच्या आधीच पंप लावायला लागलो तसा तो म्हणाला, "भाईसाब, डॉक्टर हो क्या?" पहिली गळकी, दुसरी गळकी. तिसरीचा काटा 20 वर जाऊन तिथंच राहिला. मी चहा मागवला, दोघांनी प्यायला, काटा हलला नव्हता. 900 रुपये दिले.

ती बसवून आता पाच महिने झाले. दारं लॉक असोत की अनलॉक, किल्ली फिरवली की एक उसासा टाकून गाडी थांबते. काकूंना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "आधी दारं लॉक कर."

टाकीच्या झाकणाची नळी तेवढी अजून स्क्रूवर आहे. डिझेल भरताना झाकण हातानं उघडतो. पुढच्या वेळी कुर्ल्याला गेलो की तिचंही बघायचंय.