तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोदींचं सरकार का पडलं?

इटलीच्या राजकारणाचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, रोमानो प्रोदींचं २००६ चं सरकार म्हणजे पक्षांची नुसती मोट, ते पडणारच होतं ना? मला हे अजिबात पटत नाही.

मतभेद होतेच. समाजकल्याण खातं कम्युनिस्ट पाओलो फेरेरोंकडे, न्याय खातं जुन्या ख्रिश्चन डेमोक्रॅट परंपरेतल्या क्लेमेंते मास्तेल्लांकडे, आणि युरोपविषयक खातं एम्मा बोनिनोंकडे, ज्यांनी गर्भपाताच्या हक्कासाठी तुरुंगवास सोसला होता. तरी कामं होत होती. आर्थिक विकास मंत्री बेर्सानींनी मोबाइलच्या रिचार्जवर लागणारं वेगळं शुल्क रद्द केलं, साधी औषधं सुपरमार्केटात विकायला परवानगी दिली. लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना हक्क देणारं विधेयक रोझी बिंदी आणि बार्बरा पोल्लास्त्रिनी या मंत्र्यांनी मिळून आणलं. बिंदी स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, म्हणून मला त्यांचं फार कौतुक वाटतं. मास्तेल्लांच्या विरोधापुढे ते विधेयक पुढे अडलं, हे खरं.

पण सरकारचा जीव गेला तो सेनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात. आधीच्या बेर्लुस्कोनी सरकारनं डिसेंबर २००५ मध्ये निवडणूक कायदा बदलला होता. कनिष्ठ सभागृहात जिंकणाऱ्या आघाडीला देशपातळीवर बोनस जागा, सेनेटमध्ये मात्र तोच बोनस प्रांतवार. त्यामुळे जेमतेम २५ हजार मतांच्या फरकावर प्रोदींना खाली भक्कम बहुमत मिळालं, आणि सेनेटमध्ये १५८ विरुद्ध १५६. इटलीत सरकारला दोन्ही सभागृहांचा विश्वास लागतो. शिवाय सेनेटच्या तेव्हाच्या नियमांत तटस्थ राहणंही विरोधातच धरलं जाई. २१ फेब्रुवारी २००७ ला परराष्ट्र धोरणावर १६० मतं हवी होती, १५८ पडली. प्रोदींनी राजीनामा दिला. राष्ट्राध्यक्ष नापोलितानोंनी त्यांना पुन्हा विश्वासमताला पाठवलं आणि सरकार तरलं.

जानेवारी २००८ मध्ये न्यायालयीन चौकशीच्या वादात मास्तेल्लांनी मंत्रिपद सोडलं, मग पाठिंबाही काढला. त्यांच्या पक्षाचे सेनेटर तीन! त्यांतल्या कुझुमानोंनी तरीही सरकारच्या बाजूनं बोलायचं ठरवलं. सभागृहात त्यांच्यावर शिव्यांचा भडिमार झाला, ते बेशुद्ध पडले, स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. विश्वासमताच्या मोजणीत १५६ विरुद्ध १६१, आणि सरकार पडलं.

कायदा असा नसता तर तीन सेनेटरांच्या पक्षाला कोणी विचारलंही नसतं. एप्रिलच्या निवडणुकीत बेर्लुस्कोनी परतले. मास्तेल्लांचा पक्ष तर लढलाच नाही, आणि फेरेरोंच्या पक्षाला दोन्ही सभागृहांत एकही जागा मिळाली नाही.