तुम्ही विचारलंत म्हणून: देणगी देतेच, मग क्लबची सभासद कशाला होऊ?

"मी देणगी देतेच की. मग तुमच्या क्लबची सभासद कशाला होऊ?" हा प्रश्न मला वर्षातून दहादा तरी कुणी ना कुणी विचारतं. मैत्रिणी विचारतात, ऑफिसातले विचारतात, एकदा तर आमच्याच सभेला पाहुण्या म्हणून आलेल्या बाईंनी जाता जाता विचारलं. प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो बहुतेक जण भिडेखातर विचारत नाहीत: दर आठवड्याला एकत्र बसायचं, घंटा वाजवायची, भाषण ऐकायचं, जेवायचं, फोटो काढायचे, यात सेवा कुठे आली? आणि ही सगळी धडपड धंद्याच्या ओळखी वाढवायलाच असते ना?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, आणि तुम्ही तर तीनदा विचारलंत, म्हणून बसून लिहिते आहे. माझ्या क्लबचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते रोटरी, लायन्स, किवानिस अशा कुठल्याही सेवा क्लबच्या सभासदाला ओळखीचं वाटेल.

ओळखींपासून सुरुवात करते. हा आक्षेप खरा आहे, आणि जुनाही आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन परिचितांना जमवलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक. मोठ्या शहरात आपल्याला जिवाभावाचं माणूस नाही, हे हॅरिसचं दुखणं होतं. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचं ठरलं, त्या पाळीवरूनच 'रोटरी', म्हणजे फिरती, हे नाव पडलं. एका व्यवसायातला एकच सभासद घ्यायचा, म्हणजे आपसात स्पर्धा नको आणि कामं एकमेकांना देता येतील, असा सरळ हिशेब होता. सेवा नंतर आली. १९०७ साली या मंडळींनी शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून पाठपुरावा सुरू केला, ते त्यांचं पहिलं लोकोपयोगी काम. लायन्सची कथाही अशीच. मेल्विन जोन्स हा विमा व्यवसायातला माणूस शिकागोतल्याच एका व्यापारी मंडळात होता. इतकी कर्तबगार माणसं एकत्र येतात, तर ती आपल्या धंद्यापलीकडे समाजासाठी काही का करू नयेत, असं त्याला वाटलं आणि १९१७ साली त्यातून ही संघटना उभी राहिली.

म्हणजे आधी माणसं एकमेकांना ओळखू लागली आणि मग काम सुरू झालं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. का, ते पुस्तकातून सांगता येणार नाही. माझ्याच क्लबातली एक गोष्ट सांगते.

माझं सभासदत्वाचं दुसरं वर्ष होतं. जूनमध्ये आम्ही डोळ्यांच्या तपासणीचं शिबिर घेतलं. सकाळपासून रांग. डॉक्टर टॉर्चच्या उजेडात डोळा बघत, चिठ्ठीवर 'मोतीबिंदू, उजवा' असं लिहून माणसाला पुढच्या टेबलाकडे पाठवत. त्या टेबलावर मी होते. नाव, वय, फोन नंबर, कुठला डोळा. संध्याकाळी शस्त्रक्रिया हवी अशा ४२ जणांची यादी तयार झाली. एक रुग्णालय ती विनामूल्य करणार होतं. बॅनरपुढे फोटो निघाले, अहवाल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे आमच्या भागातल्या क्लबांच्या वरच्या मंडळाकडे, गेला, सभेत टाळ्या पडल्या. त्यात माझ्याही होत्या.

मग १ जुलै आली. रोटरी आणि लायन्स क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, अध्यक्ष आणि बहुतेक पदाधिकारी दर वर्षी बदलतात. नवे अध्यक्ष, नवी टीम, नवे प्रकल्प. मी त्या वर्षी सहसचिव झाले होते. ऑक्टोबरात जुन्या फाइली लावताना ती यादी हाताला लागली, माझ्याच अक्षरातली. सहज म्हणून फोन करायला बसले.

४२ पैकी शस्त्रक्रिया झाली होती ६ जणांची.

बाकीचे का गेले नाहीत, याची कारणं मी त्या दिवशी एका वहीत उतरवली, ती वही अजून माझ्याकडे आहे. कुणाला न्यायला माणूस नव्हतं. कुणाच्या मुलाला रजा मिळाली नव्हती. एका आजींना 'साखर जास्त आहे, आधी ती आटोक्यात आणा' म्हणून परत पाठवलं होतं, पण ती आणायची कशी आणि पुन्हा कधी यायचं हे त्यांना नीट समजलंच नव्हतं. एकांना भीती वाटत होती, एवढंच. आणि एक आजोबा म्हणाले, "तुम्ही फोन करणार होता ना? मी वाट बघत होतो."

चार महिने ते वाट बघत होते. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढच्या मंगळवारी सभेत मी ती वही वाचून दाखवली. कुणावर ठपका ठेवायला नव्हे, मी स्वतः त्या टाळ्यांमध्ये होते. सभागृह शांत झालं. मग आमच्यातल्या सर्वांत जुन्या सभासदांनी, निवृत्त शिक्षक आहेत ते, विचारलं, "मॅडम, ३६ नावं राहिली. इथे आज अठरा जण बसलोय. दोन-दोन घेऊ या का?" आणि यादी फिरली. प्रत्येकाने दोन नावांपुढे आपलं नाव लिहिलं.

पुढचे तीन महिने दर मंगळवारी सभेच्या शेवटी पाच मिनिटं त्या यादीला दिली. "तुमच्या दोघांचं काय झालं?" एवढाच प्रश्न. औषधांचं दुकान चालवणाऱ्या सभासदाने साखरवाल्या आजींना डॉक्टरांकडे नेलं आणि गोळ्यांचं वेळापत्रक बसवून दिलं. गाडी असलेले पहाटे नेऊन सोडत. गुरुजी रुग्णालयाच्या व्हरांड्यात घाबरलेल्यांच्या शेजारी बसून राहत. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात घालायचे थेंब काही आठवडे चालतात आणि हळूहळू कमी करत न्यायचे असतात, त्यात माणसं हमखास गोंधळतात. छापखाना असलेल्या सभासदाने बोटाएवढ्या अक्षरांत तक्ता छापून दिला, सूर्य म्हणजे सकाळ, चंद्र म्हणजे रात्र, प्रत्येक थेंबापुढे खूण करायला चौकोन. वर्षाखेरीस आणखी २९ जणांची शस्त्रक्रिया झाली होती. काहींनी शेवटपर्यंत नाही म्हटलं. दोघं दुसरीकडे राहायला गेले होते. एक जण वारले होते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. या सगळ्यात पैशाची अडचण कधीच नव्हती. शस्त्रक्रिया मोफत होती, डोळ्यात बसवायची भिंगं मोफत होती. तुमच्या देणगीने त्या सहाचे सात झाले नसते. कमी पडत होती ती पुढच्या मंगळवारी पुन्हा तोंडं बघावी लागणारी माणसं. ज्याला दोन नावं दिलीत तो आठवड्याने समोर बसणार आहे आणि त्याला विचारलं जाणार आहे, हे ठाऊक असलं की काम होतं. एकमेकांची भीड असते, लाज असते, माया असते. ती एका दिवसाच्या शिबिरात तयार होत नाही, ती वर्षानुवर्षं शेजारी बसून जेवल्याने होते. ज्या साप्ताहिक सभेला लोक वेळ घालवणं समजतात, तिच्याशिवाय ती यादी फाइलीतच राहिली असती.

एका व्यवसायातला एकच सभासद हा जुना नियम आता बराच सैल झाला आहे, पण त्याचा फायदा अजून मिळतो. एका टेबलाभोवती औषधवाला, छापखानेवाला, शिक्षक आणि हिशेबनीस असले की प्रत्येकाला दुसऱ्याला न दिसणारी अडचण दिसते. लायन्सच्या इतिहासात याचं सुंदर उदाहरण आहे. अमेरिकेतल्या पिओरिया शहरात जॉर्ज बोनहॅम या लायन सभासदाने एका अंध माणसाला रस्ता ओलांडताना अडलेलं पाहिलं. त्याच्या हातात काळी काठी होती, गाडीवाल्यांना ती दिसतच नव्हती. काठी पांढरी रंगवावी, तिला लाल पट्टा द्यावा, ही कल्पना त्याने क्लबपुढे मांडली. १९३० साली त्या क्लबने अशा काठ्या तयार करून वाटल्या आणि शहरात पांढऱ्या काठीला वाट देण्याचा नियमही झाला. त्याच्या पाच वर्षं आधी, १९२५ साली, हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात उभं राहून अंधांसाठी लढा, असं आवाहन केलं होतं. आवाहन मोठ्या व्यासपीठावरून झालं. काठी मात्र रस्त्याकडे बघणाऱ्या एका सभासदाला सुचली.

पोलिओचंही तसंच. रोटरीने १९७९ साली फिलिपिन्समधल्या ६० लाख मुलांना डोस देण्याचं काम अंगावर घेतलं आणि १९८५ साली जगभराची मोहीम जाहीर केली. १९८८ साली जगात दर वर्षी अंदाजे साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत होता. आज नैसर्गिक विषाणूचा मुक्काम अफगाणिस्तान आणि पाकिस्तान या दोनच देशांत उरला आहे. यात सरकारं, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, लाखो आरोग्य कर्मचारी सगळ्यांचा वाटा आहे. पैसाही प्रचंड लागला. पण बर्फाच्या पेट्या वाहायला, राहिलेल्या घरी पुन्हा जायला, मुलाच्या करंगळीवर शाईची खूण आहे का ते बघायला जी साधी माणसं उभी राहिली, त्यांत हे सभासदही होते. त्यांच्या बोटांना लागलेल्या शाईचा मला अभिमान वाटतो.

बायकांचं एक सांगायलाच हवं, कारण मैत्रिणी आवर्जून विचारतात. होय, हे क्लब कित्येक दशकं फक्त पुरुषांचे होते. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते या गावच्या रोटरी क्लबने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद करून घेतलं म्हणून त्या क्लबची मान्यताच काढली गेली. क्लब कोर्टात गेला आणि १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. त्याच वर्षी लायन्सनेही दार उघडलं. २०२२ साली जेनिफर जोन्स रोटरीच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. एका छोट्या क्लबने आपली मान्यता पणाला लावली, म्हणून मी आज खजिनदाराच्या खुर्चीत बसते. हे मी विसरत नाही.

खजिनदार म्हणून पैशाबद्दलही स्पष्ट सांगते. आमची दोन खाती असतात. सभासदांच्या वर्गणीतून सभेचा, जेवणाचा, कार्यालयाचा खर्च. लोकांकडून सेवेसाठी जमवलेला पैसा वेगळ्या खात्यात, आणि त्यातला एक रुपयाही जेवणावर खर्च करायचा नाही. चांगल्या क्लबात हा हिशेब कुणीही मागितला तर दाखवतात. जिथे टाळाटाळ होते, तिथे थांबू नका.

सगळे क्लब चांगले असतात असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी पदासाठी चढाओढ असते, काही ठिकाणी कामापेक्षा हारतुरे जास्त. तेव्हा सभासद होण्याआधी दोन-तीनदा पाहुण्या म्हणून या. 'यंदा काय करणार' हे विचारू नका, ते सगळे उत्साहाने सांगतात. 'मागच्या वर्षीच्या प्रकल्पाचं आज काय चाललंय' हे विचारा. लावलेली झाडं कोण बघतं, शाळेला दिलेला पाणी शुद्ध करण्याचा संच चालू आहे का, त्याचं फिल्टर शेवटचं कधी बदललं. उत्तर देणारा माणूस अडखळला नाही, तर तिथे खुर्ची ओढून बसा.

आणि हो, तुम्हाला खरंच वेळ नसेल, घरी कुणाचं आजारपण असेल, तर देणगीच द्या. तीही लागते, आणि ती देणाऱ्याला मी कधी कमी लेखलेलं नाही. पण तुम्ही तीनदा विचारलंत. तिसऱ्यांदा विचारणाऱ्याच्या मनात थोडी इच्छा असते, असा माझा अनुभव आहे.

तर सभेला नंतर या. आधी एखाद्या शनिवारी सकाळी आमच्या रुग्णोपयोगी साहित्याच्या खोलीत या. वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या, हे सगळं आम्ही गरजूंना वापरायला देतो आणि काम झालं की परत घेतो. परत आलेला प्रत्येक वॉकर उलटा करून त्याच्या चारही पायांच्या रबरी टोप्या बघायच्या असतात. एकीचं रबर झिजून आतली नळी टेकायला लागली, की ओल्या फरशीवर तो सटकतो आणि मोडलेलं हाड सांधून घरी आलेलं माणूस पुन्हा पडतं. अंगठ्याने दाबून बघायचं, झिजली असेल तर काढून नवी बसवायची, मग वहीत तारीख आणि सही. गेल्या शनिवारी सात वॉकर परत आले होते आणि आम्ही दोघंच होतो. चार झाले. तीन भिंतीला लावून ठेवले आहेत.