कानेरियातली आजी आणि माझी शुद्ध स्पॅनिश

सॅन डिएगोला आल्यावर पहिली नऊ वर्षं मी बॅरिओ लोगन ही मेक्सिकन वस्ती फक्त ट्रॉलीच्या, म्हणजे तिथल्या लोकल गाडीच्या, खिडकीतून बघितली. ब्लू लाइन डाउनटाउनमधून जाते आणि मेक्सिकोच्या सरहद्दीपाशी, सॅन इसिद्रोला संपते. मध्ये हे स्टेशन लागतं. पुलाचे उंच खांब आणि त्यांवरची रंगीत चित्रं दिसायची, पण उतरावंसं कधी वाटलं नाही. पुढे त्याच भागातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला लागले आणि ‘कुठे दुखतंय’, ‘कधीपासून’, ‘विमा आहे का’ एवढी स्पॅनिश तोंडात बसली. एके दिवशी दवाखान्याच्या काचेवर कागद दिसला. वस्तीतल्या जुन्या माणसांच्या आठवणींवर नाटक बसवतोय, मुलाखती उतरवून काढायला माणसं हवीत, अनुभवाची अट नाही.

मला वाटलं, टायपिंगच तर आहे!

पहिल्या बैठकीला पंधरा-सोळा जण होते. एक निवृत्त वेल्डर, दोन कॉलेजची पोरं, एक बेकरीवाली, आणि आमची दिग्दर्शिका. तिचं लहानपण तिथलंच. तिने आधी आम्हाला पुलाखाली नेऊन उभं केलं. डोक्यावरून ट्रक गेला की सांध्यावर धडधड व्हायची आणि बोलणं मध्येच तुटायचं. लालबागच्या पुलाखाली उभं राहून फोनवर बोलायचा प्रयत्न केला असेल, तर कल्पना येईल.

तिने थोडक्यात सांगितलं. ही सगळी एकच वस्ती होती, लोगन हाइट्स. १९५० च्या दशकात महापालिकेने घरांच्या मधोमध कारखान्यांना परवानगी दिली आणि भंगाराचे अड्डे आले; लोक त्यांना ‘योंके’ म्हणतात. १९६३ मध्ये महामार्ग क्रमांक पाच वस्ती कापत गेला. १९६९ मध्ये खाडीपलीकडच्या कोरोनाडोला जाणारा हा पूल उघडला आणि आणखी घरं गेली. पुलाखालच्या जागेत बाग करून देतो असं लोकांना सांगितलेलं. २२ एप्रिल १९७० ला तिथे बुलडोझर आले ते हायवे पोलिसांचं ठाणं बांधायला. बातमी फुटली तशी शाळा-कॉलेजची मुलं, बायका, म्हातारी माणसं येऊन मशिनींभोवती साखळी करून उभी राहिली. बारा दिवस जागा सोडली नाही. बसून राहिले नाहीत, कुदळ-फावडी आणून त्यांनी झाडं लावायला सुरुवात केली. तोच आजचा चिकानो पार्क; चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन. खांबांवरची चित्रं १९७३ पासूनची, आणि २०१६ मध्ये जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

हे सगळं फलकांवर वाचायला मिळतं, ती म्हणाली. फलकावर नसलेलं आणायचं.

मुलाखतीचे नियम कडक होते. ‘तुम्हाला त्रास झाला का’ असं विचारायचं नाही. ‘सकाळी घरात पहिल्यांदा कोण उठायचं’ असं विचारायचं. माणूस गप्प झाला तर आपणही गप्प बसायचं. मला हे फार जड गेलं. दवाखान्यात गप्प बसलं की रांग वाढते. संमतीपत्रावर नाव द्यायचं की नाही, आवाज वापरायचा की नाही, अशा वेगवेगळ्या खुणा. आणि शेवटचा नियम म्हणजे उतरवलेला मजकूर त्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय संहितेत एक ओळ घ्यायची नाही.

माझ्या वाट्याला एक आजी आल्या, वय ८४. मी त्यांना सेन्योरा म्हणायचे, त्या मला ‘मिहा’, म्हणजे ‘पोरी’. त्यांनी ट्यूना माशाच्या कारखान्यात बावीस वर्षं काढलेली. सॅन डिएगो एकेकाळी स्वतःला जगाची ट्यूना राजधानी म्हणवायचं. मासेमारीच्या बोटींवर बरेच पोर्तुगीज, आत सुरी घेऊन उभ्या असायच्या त्या बऱ्याचशा मेक्सिकन बायका. बोट लागली की कारखान्याची शिट्टी व्हायची. आजी म्हणाल्या, कुठल्या कारखान्याची शिट्टी आहे ते झोपेतही कळायचं. मला आमचे भोंगे आठवले. आमच्या चाळीत लहान पोरंसुद्धा कुठल्या गिरणीचा भोंगा आहे ते सांगायची.

तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला मला सहा-सात तास लागले. मागे टीव्ही, कुत्रा, नातवंडं. त्यात आजींची स्पॅनिश माझ्या पुस्तकातली नव्हती. कारखान्याला त्या ‘कानेरिया’ म्हणायच्या, इंग्रजी ‘कॅनरी’ वळवून केलेला शब्द. दुपारच्या जेवणाच्या डब्याला ‘लोन्चे’. मी शब्दकोश उघडला, ‘कानेरिया’ खोडून ‘एनलातादोरा’ लिहिलं, ‘लोन्चे’चं ‘आल्मुएर्सो’ केलं, अडखळलेली वाक्यं पूर्ण केली, एकच गोष्ट तीनदा आली होती ती एकदा ठेवली. प्रिंट काढली तेव्हा मजकूर बघून मी स्वतःवरच खूश.

त्यांच्या स्वयंपाकघरात बसून वाचायला लागले. आजी चष्मा पुसत ऐकत होत्या. दुसऱ्या पानावर त्यांनी हात वर केला.

“ही बाई कोण?”

“तुम्हीच, सेन्योरा.”

“मी अशी बोलत नाही. ही बँकेतली वाटते.”

नात फिसकन हसली. माझे कान तापले. खरं तर मला हे कळायला हवं होतं, कारण आमच्या घरात हेच झालं होतं. १९८२ च्या गिरणी संपानंतर कुणीतरी चाळीत येऊन वडिलांशी दोन तास बोलून गेलं. छापून आलं त्यात लिहिलेलं, ‘यंत्रमाग विभागातील कामगार’. वडील साचेखात्यातले, म्हणजे गिरणीतल्या मागांवरचे. त्यांनी कागद दुमडून आईकडे दिला आणि म्हणाले, “यंत्रमाग भिवंडीला. आमच्याकडे साचे.” पुन्हा ते कुणाशी त्या विषयावर बोलले नाहीत. मीही तेच करून बसले होते, फक्त दुसऱ्या भाषेत.

सगळं पुन्हा उतरवलं. ‘कानेरिया’ परत आलं. तीनदा सांगितलेली गोष्ट तीनदा ठेवली, आणि मग दिसलं की दर वेळी त्या थोडं पुढे जात होत्या. पहिल्यांदा फक्त बसमध्ये माशाचा वास. दुसऱ्यांदा शेजारी कुणी बसायचं नाही. तिसऱ्यांदा, एकदा मुलगीही लांब जाऊन बसली. नाटकात ते तसंच आलं, तीन प्रवेशांत तीन वेळा.

संहितेचं बाकीचं काम झटपट झालं. तेहतीस तासांतून ऐंशी मिनिटं. एकच मोठा घोळ झाला. पार्कात पहिलं निवडुंगाचं रोप कुणाच्या मावशीने लावलं यावर दोन आजोबांचं जुळेना. दोघेही छातीवर हात ठेवून सांगणारे. आम्ही पुरावे शोधत बसलो. दिग्दर्शिका म्हणाली, भांडणच ठेवा. तिने एल तेआत्रो काम्पेसिनोचा दाखला दिला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांतल्या संपात लुईस वाल्देझ यांनी सुरू केलेली ही नाटकमंडळी. ट्रकच्या हौद्यावर खेळ, गळ्यात पाटी अडकवली की मालक, दुसरी अडकवली की संपफोड्या. मी म्हटलं, आमच्याकडेही लाल बावटा कलापथक होतं, १९४४ चं, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर. तिने वहीत लिहून घेतलं आणि मला तीन वेळा ‘अण्णाभाऊ’ म्हणून दाखवायला लावलं. भांडणाच्या प्रवेशात दोन्ही नटांच्या गळ्यात एकच पाटी आली: ‘माझ्या मावशीने’.

आणखी एका गोष्टीसाठी मी तिला मानते. पहिल्याच प्रवेशात मारियाची, म्हणजे मेक्सिकन वाजंत्री, आणि कागदी तोरणं घालूया असा आग्रह काहींचा होता. ती नाही म्हणाली. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात नऊवारी आणि लावणी झाली की महाराष्ट्र उरकला, तसंच ते झालं असतं.

तालमीत आजींची भूमिका कॉलेजमधली एक मुलगी करत होती. सुरी धरल्याचा अभिनय ती भाजी चिरल्यासारखा करायची. आजी मागे खुर्चीत बसलेल्या, उठल्या. चहाच्या टेबलावरून एक बोलियो उचलला, आपल्या पावासारखाच पण दोन्हीकडे टोकं असलेला. बटर लावायची बोथट सुरी घेतली. आधी पात्याच्या पाठीने वरचं साल खरवडलं. मग पाव उभा उकलला, मधून बोट फिरवून काटा काढल्यासारखं केलं, आणि कडेचा करपलेला भाग वेगळा सारला. मान खाली, कोपर अंगाला चिकटलेलं; शेजारणीला लागू नये म्हणून. “पांढरं डब्यात,” त्या म्हणाल्या, “काळं मांजरांच्या डब्यात. काळं चुकून इकडे आलं की बाई मागे येऊन उभी राहायची.” पंधरा सेकंदांचं काम. कोणी हललं नाही. मुलीने त्यांच्याकडून ते अकरा वेळा करून घेतलं आणि त्या दिवशी टेबलावर पावाचा नुसता चुरा उरला.

माग थांबवून वडील तुटलेल्या धाग्याला गाठ कशी मारायचे, ते एका हाताने की दोन, मला सांगता येणार नाही. विचारायला ते आता नाहीत.

शाळेच्या हॉलमध्ये तीन प्रयोग झाले. दुसऱ्याला आजी पहिल्या रांगेत होत्या. मुलगी म्हणाली, “शिट्टी झाली की आम्ही धावत सुटायचो,” आणि प्रेक्षकांतून खणखणीत आवाज आला, “धावत नाही! केसांची जाळी लावून, मग धावत!” मुलगी क्षणभर थांबली, केसांना जाळी लावल्यासारखं केलं आणि मग धावली. तिसऱ्या प्रयोगात ते कायम झालं.

अजून सात तासांचं रेकॉर्डिंग उतरवायचं बाकी आहे. त्यातली चाळीस मिनिटं एक आजोबा फक्त त्यांच्या १९६४ च्या इम्पाला गाडीबद्दल बोलले आहेत. ती जमिनीलगत कशी उतरते, पुन्हा कशी उचलते. तोंडाने हायड्रॉलिकचा आवाज काढून दाखवलाय. तो कसा लिहायचा यावर मी गेले दोन रविवार अडले आहे.