मामाची आरडी, आईचा सोपा आणि आमचं वर्कशॉप

गाडी मामाची. राजदूत 350, म्हणजे यामाहाची आरडी, एस्कॉर्ट्सनं 1983 पासून इथं बनवून विकली ती. गडहिंग्लजकडं मामाच्या गोठ्यात पंधराएक वर्षं उभी होती, सीटवर कोंबड्या बसायच्या आणि सायलेन्सरात उंदरांचा संसार. 2016 च्या मे महिन्यात छोटा हत्ती करून कोल्हापूरला आणली आणि सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, उभी केली, तर आई म्हणाली, "भंगारवाला कोपऱ्यावर बसतोय, हितं कशाला आणलास?"

आईचं चुकलं नव्हतं. टाकीला बोटभर भोक, चिमट्याचं क्रोम पापुद्रे सुटलेलं, किक तर जागची हलत नव्हती. पण ज्यांनी ती गाडी पळताना बघितलीय त्यांनाच कळेल. 347 सीसी, दोन सिलिंडर, टू स्ट्रोक, सहा गिअर. बुलेट 18 हॉर्सपॉवरची होती त्या काळात हिचं हाय टॉर्क मॉडेल साडेतीसचं, नंतरचं लो टॉर्क 27 चं. आणि एवढ्या ताकदीला पुढं डिस्क नाही, ड्रम ब्रेक! मामा अजून सांगतो, निपाणीच्या रोडला गाडी पळवायला अक्कल लागत नव्हती, थांबवायला लागायची. शेवटी पेट्रोल परवडेना आणि पार्ट मिळेनात म्हणून गोठ्यात गेली.

मी तेव्हा उद्यमनगरात लेथवर, टर्नर. गाडीचं काम येत नव्हतं पण लोखंडाचं येत होतं, आणि गंज म्हणजे शेवटी लोखंडाचंच दुखणं अशी माझी समजूत, ती अर्धीच खरी निघाली. टाकीपासून सुरुवात केली. प्लास्टिकच्या टबात पाणी, धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह टाकीला आणि पॉझिटिव्ह शेजारी टांगलेल्या साध्या लोखंडी सळीला, सळी टाकीला चिकटू द्यायची नाही. स्टेनलेसचं काही लावायचं नाही, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि हायड्रोजन सुटतो म्हणून दार उघडं ठेवायचं, जवळ बिडी-काडी नाही. दोन रात्रीत गंज काळ्या गाळासारखा सुटला. मग मी काय केलं तर टाकी धुतली आणि उन्हात वाळत ठेवून कामाला गेलो, संध्याकाळी बघतोय तर परत केशरी! पाणी पुसल्या पुसल्या लगेच आतून तेल फिरवायचं असतं हे मला कोण सांगणार. परत टब, परत सोडा. भोक मात्र पितळेनं झाळून घेतलं, त्यावर लांबी भरून भागवलं नाही.

इंजिन उघडलं तेव्हा डावा पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, घट्ट बसलेला. डिझेल आणि गिअरचं तेल मिसळून वरनं ओतलं, नऊ दिवस ठेवलं, रोज लाकडी ठोकळा ठेवून हलकी टप्पल, दहाव्या दिवशी सुटला. हातोडी घेऊन भिडलो असतो तर ते सिलिंडर गेलं असतं. बोअर 64 मिलिमीटरचा, घासून अर्धा मिलिमीटर ओव्हरसाईज केला. खरं काम त्याच्या खाली होतं, क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याला. टू स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन टोकांची दोन रबरी सील, हातात घेतली तर वाटतं ह्याला काय किंमत. उजवं गेलं की गिअरबॉक्सचं तेल ओढतंय आणि मागं पांढऱ्या धुराचा लोट. डावं गेलं तर बाहेरची हवा ओढतंय, मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, पिस्टन तापून जाम नाहीतर भोक. बाहेरनं काहीच दिसत नाही. लोक कार्बोरेटर खोलून खोलून थकतात.

2018 ला गाडी तयार झाली. मामाला बोलावलं, त्यानं तिसऱ्या किकला चालू केली आणि गल्लीत नुसता निळा धूर, शेजारच्या काकू खोकत बाहेर आल्या. हौस झाली, विषय संपला असंच आम्ही धरलं होतं.

धंदा झाला तो पुरामुळं. ऑगस्ट 2019 ला पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी सोडून 55 च्या वर गेली, शाहूपुरी आणि खालच्या पेठांमध्ये पाणी, शेकडो गाड्या दिवसेंदिवस बुडालेल्या. नव्या गाड्या शोरूमला गेल्या. जुन्या येझदी, जावा, आरएक्स 100 कोण हातात घेणार? एकानं मामाची आरडी बघितली होती, तो येझदी ढकलत आला, मग त्याचा मेव्हणा, मग मेव्हण्याचा दोस्त. मी आणि मावसभाऊ, दोघांनी मिळून दोन महिन्यांत अकरा इंजिनं उघडली, सगळी सोप्यात. त्याच दिवाळीला नोकरी सोडली.

आणि पहिल्याच वर्षी तोंडावर पडलो, तेही सांगितलं पाहिजे. एका येझदीचं केसिंग, म्हणजे इंजिनचं बाहेरचं कवच, चकाचक दिसावं म्हणून ब्लास्टिंग, म्हणजे बारीक कणांचा जोरात मारा, करून आणलं, नुसत्या हवेनं झाडलं आणि इंजिन बांधलं. गिऱ्हाईक खूष, फोटो काढले. चाळीस किलोमीटरवर, कागलच्या पुढं, गाडी जाम. उघडलं तर बेअरिंगमध्ये ब्लास्टिंगचे कण, बोल्टच्या भोकांत अडकलेले ते तेलाबरोबर सुटले होते. क्रँक, पिस्टन, बोअर सगळं आमच्या खिशातनं. गिऱ्हाईक चांगला माणूस म्हणून भांडला नाही, पण त्याचा तो गप्प चेहरा अजून आठवतोय. तेव्हापासून केसिंग गरम पाण्यात तीनदा धुतो, प्रत्येक आट्यातनं टॅप फिरवतो, शेवटी पांढरं फडकं फिरवून बघतो.

पैशाचं गणित यायला मात्र जास्त वेळ लागला. पेंट आणि क्रोमचे वीस हजार लोक हसत देतात, सील आणि क्रँकच्या मजुरीला म्हणतात "आत काय केलंय कुणाला म्हाईत". बरोबर आहे, दिसत नाही ना. मग आम्ही जुने पार्ट पिशवीत घालून बिलासोबत परत द्यायला लागलो, सोबत आतले फोटो. घासाघीस थांबली असं नाही, पण कमी झाली.

कस्टमचं सांगतो. पोरं येतात, कॅफे रेसर पाहिजे, म्हणजे रेसच्या गाडीसारखी सुटसुटीत दिसणारी, मागची फ्रेम कापा, मडगार्ड काढा. आम्ही कापत नाही. एक तर जानेवारी 2019 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे विकतचं दुखणं, आणि दुसरं म्हणजे अस्सल फ्रेम आता मिळतात कुठं? हँडल, सीट, टेललाईट, जे बोल्टवर बसतं आणि बोल्टवर निघतं तेवढंच करतो. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या म्हणून आधीच बजावतो. काहीजण ह्यावरून उठून गेले. जाऊ देत. बाकी आरडीला व्हिंटेज म्हणून मिरवणाऱ्यांना सांगतो, 2021 च्या नियमात व्हिंटेजला पन्नास वर्षं पुरी लागतात, आपली अजून पोरगीच आहे.

2021 ला परत पूर आला, परत गाड्या आल्या, पण तोवर हात बसला होता. पुढच्या वर्षी भाड्यानं शेड घेतली, आता आम्ही चौघं. वर्षाला सात-आठ पूर्ण गाड्या होतात, त्यापेक्षा जास्त घेत नाही, वेटिंग आहे त्याला इलाज नाही.

टाक्यांचं काम अजून घरीच, कारण शेडमधली लाईट रात्री कधी जाईल सांगता येत नाही. आत्ता सोप्यात दोन टब लावलेत, एकात जावाची टाकी, एकात मामाच्या दोस्ताच्या राजदूतची. आईनं सकाळीच सांगितलंय, गणपती यायच्या आत सोपा रिकामा झाला नाही तर टबासकट तुला परड्यात टाकते.